पेन ड्राइव्हवर गेलेलं लिनक्स

दोह्याहून सुट्टीवर महाडला आलेल्या मुबीनने लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला सीडीवरून लिनक्स, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या मालकीची नसलेली, फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, आणि ती एकदाही चालू व्हायच्या आत मोहल्लाभर सांगून आला, "विंडोज म्हणजे गुलामी हाय."

घरी येऊन लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर मुकाट विंडोजच उघडलं. त्याने आधी सीडीला शिव्या दिल्या, मग महाडच्या विजेला. शेवटी कॉम्प्युटर क्लासात शिकवणाऱ्या धाकट्या बहिणीला, रिझवानाला बोलावलं.

"लिनक्स टाकताना पेन ड्राइव्ह लावलेला होता का?" तिने विचारलं.

"होता. आता पोलादपूरला शौकतकडे हाय. गाणी भरायला दिलाय."

"मग लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम त्याच्यावर गेलाय, भाई. तुझी आझादी शौकतच्या खिशात फिरतेय."

रिझवानाने सीडी लावून तो प्रोग्राम लॅपटॉपच्या डिस्कवर बसवला. आता सुरुवातीलाच स्क्रीनवर निवडायला दोन्ही नावं आली. मुबीनने रुबाबात लिनक्स निवडलं आणि ते उघडलं.

"आता यात काय करणार?" रिझवानाने विचारलं.

मुबीनने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि विंडोजमध्ये जाऊन पत्ते खेळत बसला.