केसभर लहान कडी

औद्योगिक वसाहतीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त तिचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यासोबत इतिहासही आला. अध्यक्षांनी तो अकरा पानांत आधीच लिहून ठेवला होता. मी तो फक्त दोनशे पानांचा करायचा होता. पहिल्या वाक्यात ओसाड माळ होता, दुसऱ्यात संस्थापकांची दूरदृष्टी, आणि तिसऱ्यापासून शेवटपर्यंत अध्यक्ष.

ओसाड माळावर त्या काळी चार वीटभट्ट्या धडधडत होत्या, असे जुना नकाशा सांगतो. मुख्य रस्त्याच्या ज्या डौलदार वळणाला अध्यक्ष आधुनिक नगररचनेचा नमुना म्हणत, ते वळण त्या भट्ट्यांच्या मातीच्या खड्ड्यांना घातलेला वळसा आहे. खड्डे बुजवायला कोणी तयार झाले नाही, एवढीच ती नगररचना. मी हे लिहिले. अध्यक्षांनी समासात लाल शाईने 'सकारात्मक करावे' असा शेरा मारून पान परत पाठवले.

माझी थोरली बहीण याच वसाहतीच्या मापखोलीत एकतीस वर्षे काम करीत होती. मापखोली म्हणजे पहिल्या रांगेच्या टोकाची, दोन टेबले जेमतेम मावतील एवढी खोली. तिथे काचेच्या कपाटात एक पोलादी कडी. वसाहतीतल्या कोणत्याही कारखान्याने पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बनवला, की तो या कडीतून सरकवून पाहायचा. अडला तर पुन्हा घासायचा, डुगडुगला तर भंगारात टाकायचा, आणि बरोबर बसला तर बहीण त्यावर शिक्का मारणार. लेथवर शाफ्ट कातणारे टर्नर लोक तिला मापताई म्हणत. मला ती लहानपणापासून तळटीप म्हणते. कारण, तिच्या मते, घरातल्या प्रत्येक गोष्टीच्या खाली मी काहीतरी बारीक अक्षरात बोलत असतो.

ही मापखोली पाडायचे ठरले होते. तिच्या जागी वसाहतीच्या इतिहासाचे संग्रहालय उभे राहणार होते. इतिहास पाडून इतिहासाला जागा करून देण्याची ही कल्पना सुचायला विशेष प्रकारची बुद्धी लागते, आणि ती अध्यक्षांकडे विपुल होती. कडीऐवजी मोजमापाचे नवे यंत्र येणार होते. बहिणीऐवजी कोणीच नाही.

"खोली गेली तर जाऊ दे," ती म्हणाली, "पण उस्तादांचं नाव तरी पुस्तकात घाल. कडी त्यांनी घडवली. मला काम त्यांनी शिकवलं. तुझ्या अध्यक्षांच्या अकरा पानांत ते कुठेच नाहीत."

म्हणून मी उस्तादांना शोधू लागलो आणि मापखोलीच्या पहिल्या नोंदवहीत मला ते सापडले. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीची नोंद होती: 'काल कडी घासून गरम असतानाच मोजली. रात्रभर थंड होऊ द्यायला हवी होती. पाहुणे फीत कापायला थांबले होते. आज ती केसभर लहान भरते. चूक माझी.' खाली सही.

मी नोंदवही तशीच उघडी धरून बहिणीसमोर गेलो. ती डबा खात होती.

"तुला माहीत होतं?"

"कामाला लागले त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. उस्तादांनी स्वतः दाखवलं."

"एकतीस वर्षं बोलली नाहीस?"

"विचारलंस कधी? तू माणसांना सोडून वह्यांना विचारत बसतोस. भाजी घे."

भाजी घेता घेता मला वसाहतीचा खरा इतिहास उमगला. एका लहान कडीवरून पहिल्या सात कारखान्यांचे शाफ्ट केसभर बारीक झाले. बाहेरगावचा बुश, म्हणजे शाफ्टवर चढवायची नळी, त्यांवर ढिला बसे आणि पंप गळे. म्हणून बुश बनवणारेही इथेच आले. त्यांच्यामागून ओतकामवाले, घासकामवाले, टेंपोवाले, कॅन्टीन. साठ शेड उभ्या राहिल्या त्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर एका पाहुण्याला घाई होती म्हणून.

पुढच्या आठवड्यात मी हे प्रकरण कार्यकारिणीसमोर वाचले. सत्याच्या प्रतिष्ठेवर चार पानी भाषणही खिशात होते. त्याची गरज पडली नाही.

"म्हणजे आमचा शाफ्ट पन्नास वर्षं चुकीचा?" पंपवाल्यांनी विचारले.

"केसभर. पण सगळ्यांचा सारखाच."

"थांबा," बुशच्या कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या. "नवं यंत्र आलं की माझा बुश कसा होईल?"

"बरोबर मापाचा."

"आणि तो जुन्या पंपांत बसेल?"

"नाही."

"अगं बाई! आज बाहेरचा बुश बसत नाही म्हणून तर लोक आपल्याकडे येतात, मग येतील कशाला? अध्यक्ष, त्या यंत्राची मागणी आत्ताच्या आत्ता रद्द करा!"

चार मिनिटांत मापखोली वाचली. सत्याचा असा जलद विजय मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही, आणि इतका अपमानास्पदही. संग्रहालय अध्यक्षांच्या गाडीच्या शेडमध्ये हलवण्यात आले. अध्यक्षांनी एकच दुरुस्ती सुचवली: 'चूक' हा शब्द आणि उस्तादांची नोंद गाळून 'संस्थापकांनी दूरदृष्टीने स्वीकारलेले स्वतंत्र माप' असे छापावे. माझा विरोध नोंदवून ती एकमताने मंजूर झाली.

"मी माझं नाव काढून घेतो," मी बहिणीला म्हणालो.

"घे. वाचणाऱ्यांना वाटेल, छापणारा विसरला." मग ती खण उपसून कपाटाचे जुने कुलूप शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाटाला कुलूप लावले आणि विणकाम काढून बसली. दहा वाजेपर्यंत खांद्यावर शाफ्ट घेतलेल्या टर्नरांची रांग कॅन्टीनपर्यंत गेली. शिक्क्याशिवाय माल बाहेर पडेना. अखेर अध्यक्ष आले.

"ताई, हा काय प्रकार?"

"माझ्या उस्तादांनी स्वतःच्या हातानं चूक लिहून खाली सही केली. एवढी छाती या वसाहतीत दुसऱ्या कोणाची झाली नाही. ती नोंद जशीच्या तशी छापा. तोवर माझ्या टाक्यांत गुंता झालाय, मला वेळ नाही."

"अहो, वसाहतीची अब्रू आहे!"

"साहेब," रांगेतला पहिला टर्नर कण्हला, "खांदा उतरलाय. तेवढी दूरदृष्टी जरा लवकर दाखवा."

रांग कॅन्टीनपर्यंत हसत गेली. पंपवाले आणि बुशवाल्या बाई एव्हाना येऊन पोचल्या होत्या, आणि दोघेही अध्यक्षांकडे प्रेमळ नजरेने पाहत नव्हते. मी मुद्रिताचे पान पुढे केले. अध्यक्षांनी ते कपाटाच्या काचेवर टेकवून आपली दुरुस्ती स्वतःच्या लाल शाईने खोडली, उस्तादांची नोंद परत घातली आणि सही केली. त्यांच्या हातून घडलेले हे एकमेव ऐतिहासिक कार्य. म्हणून मी त्यांना प्रस्तावनेत आभाराची एक ओळ दिली आहे.

बहिणीने पान डोळ्यांजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचले, उस्तादांच्या नावावरून एकदा बोट फिरवले आणि मग कुलूप काढले. पहिला शाफ्ट कडीत अर्ध्यावर अडला.

"ताई, आजच्या दिवशी तरी!" टर्नर म्हणाला.

"आजच्या दिवशी तर मुळीच नाही. घासून आण. आणि येताना चहा सांग, माझा आणि तळटीपचा."