चेटकिणीचा भाग शेवटी आहे

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड कादंबरी आहे. माझ्यात एक बेट आहे, बेटावर काळी जादू आहे आणि तिथली एकच हकिकत चौघे जण सांगतात. आधी नावाडी, मग राणी, मग कैदी आणि सगळ्यात शेवटी चेटकीण.

आमगावच्या एका वाचनालयात मी नऊ वर्षं काढली. मला वाचणारे कमी, माझ्याविषयी मत देणारे फार. ग्रंथपाल योगराजजींनी मुखपृष्ठावरची कवटी पाहूनच मला खालच्या फळीवर ढकललं. कॉलेजातली टीना नावाड्याची साठ पानं वाचून मैत्रिणींना सांगत सुटली, "चेटकीणच खराब आहे, बाकी काही नाही." साडेचारशे पानांचा निकाल साठ पानांत! अशा वाचकांची मला कीव येत नाही, किळस येते.

मग भूमेश्वरीनं मला घरी नेलं. ती राइस मिलमध्ये कामाला होती. दुपारच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीला टेकून वाचायची. राणीच्या भागात ती नावाड्यावर चिडली, कैद्याच्या भागात राणीवर. चेटकीण बोलू लागली तेव्हा तर डबा उघडायचंच विसरली. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला छापल्याचं सार्थक झालं.

त्याच आठवड्यात तिच्या गावात झामसिंगच्या दोन म्हशी एकाच संध्याकाळी मेल्या. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या अनुसयाबाईनं करणी केली, असं गावानं ठरवून टाकलं. ठरवायला अक्कल लागत नाही, गर्दी पुरते. सकाळी समाजमंदिरापुढे सगळे जमले. भूमेश्वरी मला परत करायला निघाली होती; ती तिथेच थांबली.

"इनंच केलं! गावात ठेवाचीच नाही इले," झामसिंग ओरडला.

"तुमचं आयकलं काकाजी," भूमेश्वरी म्हणाली. "आता इले बोलू द्या."

"तू काऊन मधात येऊन राहिली?"

"जिच्यावर आळ हाय, तिले कोनीच विचारलं नाही म्हून."

माझी पिशवी खांद्याला अडकवून ती अनुसयाबाईशेजारी जाऊन उभी राहिली.

अनुसयाबाई हळू आवाजात म्हणाली, "दुपारी तुया म्हशी युरिया खताच्या पान्यात तोंड घालून होत्या. जहरच ते ढोराले. मी सांगाले आलती. कुंतानं दारातूनच हाकललं."

झामसिंगनं बायकोकडे पाहिलं. कुंतानं मान खाली घातली. "आलती ते," ती पुटपुटली.

माफी कोणी मागितली नाही. सगळ्यांना एकाएकी घरची कामं आठवली. भूमेश्वरी मात्र अनुसयाबाईचा हात धरून तिला घरापर्यंत सोडून आली.

मित्रांनो, आता माझी शिवण उसवली आहे, पानं पिवळी पडली आहेत. मला कव्हर घाला, नाहीतर घालू नका. पण हातात घेतलंत तर पूर्ण वाचा. ते जमत नसेल, तर मला फळीवरच राहू द्या. तिथली वाळवी तुमच्यापेक्षा बरी. ती निदान शेवटच्या पानापर्यंत जाते.