देवराईतली गोम

“आता म्या जे सांगनार हाय ना, ते ह्या खोऱ्यात आजवर कुनाला पटलं न्हाई आन् पुढंबी पटायचं न्हाई,” असं म्हणत कोंडाजीनं शेकोटीतला ओंडका पायानं आत ढकलला. ठिणग्या उडाल्या. समोर घोंगडीवर मांडी घालून बसलेल्या पोंक्षे साहेबानं चष्मा सारखा केला आणि तो नम्रपणे म्हणाला,

“सांगा ना आजोबा. मला पटेल.”

शेकोटीभोवती बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुरुवातच वाईट झाली होती.

पोंक्षे पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. पौषातल्या थंडीत पौडापर्यंत एस.टी.नं आणि पुढं खांद्यावर पत्र्याची पेटी घेऊन पायी, असा तो धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या ह्या वाडीत आला, त्याला आता आठवडा होत आला होता. कशापायी आलात, असं गेणबा पाटलानं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “गोमा शोधायला.” घरात निघते ती मोठी डसणारी घोण नव्हे, मातीच्या पोटात राहणारी, दोऱ्यासारखी बारीक, आंधळी गोम.

“दिसायला साऱ्या सारख्याच,” तो सांगायचा. “पण एक भाताच्या बांधात सापडते, दुसरी उकिरड्याखाली, तिसरी फणसाच्या कुजक्या सालीत. ह्या एकाच घराण्यातल्या आहेत का, आणि कुठली जात कुठं राहते, एवढंच मला बघायचंय.”

“मानसांच्या जाती इचारून झाल्या, आता गोमांच्या,” भिवाजी म्हणाला होता आणि सगळी वाडी हसली होती.

पण हसू फार टिकलं नाही. कारण पोंक्षे जिथं जिथं उकरायचा तिथं एक खुंटी ठोकायचा. खुंटीच्या टोकाला लाल चिंधी. पाठोपाठ मूठभर माती पिशवीत भरायची, वास घ्यायचा, बोटांत चुरून बघायची. सगुणाबाईच्या वावराला तर त्यानं चारी अंगांनी खुंट्या ठोकल्या होत्या. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं कसलेलं ते वावर; त्यापलीकडं तिच्या नावावर काही नव्हतं.

खुंटी बघितली की ह्या वाडीला धरण आठवायचं. लोकांची मूळ वाडी आता त्याच्या पाण्याखाली होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या विहिरीची कड उघडी पडायची, आणि म्हाताऱ्या बायका काठावरूनच तिला हळदकुंकू वाहायच्या. पाणी येण्याआधी, म्हणजे कोंडाजीच्या पोरवयात, एक गोरा साहेब आला होता. हातात जाळी. फुलपाखरं धरायला आलोय म्हणाला. लोकांनी त्याला दूध पाजलं, रानवाटा दाखवल्या. जाळी घेऊन तो जिथं जिथं हिंडला तिथं तिथं खुंट्या ठोकत गेला. पुढं फुलपाखरं उडून गेली, खुंट्या राहिल्या आणि त्यांच्या खुणेपर्यंत पाणी आलं. आता डोंगरापलीकडच्या खोऱ्यात नवीन धरणाचं काम चाललं होतं. एक खोरं बुडवून झालं की माणूस दुसऱ्याकडं बघणारच, असं गेणबा पाटलाचं मत होतं.

त्यात पोंक्षेनं परवा देवराई मागितली. खोडांमधला पालापाचोळा त्याला उकरायचा होता. “शेकडो वर्षांत तिथली माती कुणी हलवलेली नाही. तिथं जी गोम सापडेल ती दुसरीकडं मिळायची नाही. तिच्यावाचून माझं काम अर्धंच राहील हो पाटील,” असं त्यानं हात जोडून सांगितलं. ज्या राईतून वाळकी काटकी उचलायलाही देवाला विचारावं लागतं, तिची माती हा पिशवीत भरून नेणार! गेणबानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो कोंडाजीकडं गेला.

कारण ह्या वाडीची एक रीत होती, आणि ती बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. लेकीसाठी स्थळ आलं की चहापाणी झाल्यावर, देण्याघेण्याची गोष्ट निघायच्या आत, कोंडाजीला बोलावणं जायचं. कोंडाजी नवऱ्यामुलासमोर बसायचा आणि थापा मारायचा. वाघाला दाढ दुखली म्हणून वैद्याकडं नेल्याच्या, म्हशीनं धरण पोहून कंदील आणल्याच्या. मुलगा “असं का, असं का” करत मान डोलवत राहिला की त्याला नारळ देऊन वाटेला लावायचे. ज्याला काही लाटायचं असतं तो कशालाही हो म्हणतो, हा साधा हिशेब. पण मुलगा जर म्हणाला, “म्हातारबा, काय पन फेकताय!” तर कोंडाजी कमरेची चंची सोडायचा, स्वतःच्या हातानं पान लावून त्याच्या हातावर ठेवायचा आणि सोयरीक पक्की व्हायची.

आज तीच रीत पोंक्षेसाठी पाटलाच्या अंगणात, शेकोटीपुढं चालली होती. सगुणाबाई जरा मागं बसली होती. पदराखाली तिच्या मांडीवर एक मोळी होती: दुपारी तिनं आपल्या वावरातल्या साऱ्या खुंट्या उपटून आणल्या होत्या. साहेब नापास झाला की मोळी जाळात आणि साहेब सकाळी पौडाच्या वाटेला.

“तर देवराईत एक गोम हाय,” कोंडाजीनं सुरुवात केली. “केवढी? तर विहिरीच्या नाड्याएवढी लांब. अंधारात हिरवी पेटती. आमची म्हातारी जिती व्हती तवा तिच्या उजेडात दळायची.”

“चमकतात, हो,” पोंक्षे पुढं सरकून म्हणाला. “काही गोमा अंधारात हिरवट चमकतात. त्यांच्या अंगातून एक चिकट रस येतो, तो चमकतो.”

भिवाजीनं तोंड वाकडं केलं. कोंडाजीनं फेकलेला दगड ह्यानं फूल समजून झेलला होता.

“बरं,” त्यानं घसा खाकरला. “एकदा रानात बैलाचं दावं तुटलं. करायचं काय? म्या त्या गोमेनंच बैल बांदला. बैल म्होरं, गोम मधी, म्या मागं. घरी आल्यावर बगतो तर गोमेनं बैलासंगं रवंथ चालू केल्याला.”

पोंक्षेचे ओठ जरासे हलले. वाटलं, आता म्हणेल. पण त्याची नजर शेकोटीवरून उडून पडवीच्या खांबाकडं गेली आणि परत आली.

“असेल,” तो म्हणाला. “असेलही.”

सगुणाबाईच्या पदराखाली खुंट्या वाजल्या.

कोंडाजीनं विडी पेटवली. म्हाताऱ्याला एक गोष्ट आतून खात होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सकाळी तो सरपणाला गेला असताना ओढ्याकाठी पोंक्षे पालथा पडलेला दिसला होता. धोतराचा काष्टा चिखलात, तोंड जमिनीला लागलेलं. त्यानं एक धोंडा उचलला होता आणि खाली बारीक गोम आपल्या अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती. पोंक्षेकडं चिमटा होता, बाटली होती. त्यानं दोन्ही बाजूला ठेवलं, श्वास धरून बघितलं, आणि मग झोपल्या पोरावर गोधडी घालावी तसा तो धोंडा होता तसा परत बसवला. मोजणीवाला माणूस धोंडा परत बसवतो का? कोंडाजी झाडाआड उभा राहून हाच विचार करत होता. पण मग त्याला बापाचं बोलणं आठवलं. त्या गोऱ्या साहेबानंही एक फुलपाखरू जाळीतून सोडून दिलं होतं, बापाच्या डोळ्यांदेखत.

तेव्हा डोळ्यांवर भरवसा नाही. रीत म्हणजे रीत. पण साहेबानं आपल्याला पकडावं, असं त्याला वाटायला लागलं होतं. म्हणून तो आता थाप अशी मारायला लागला की लहान पोरानंही धरावी.

“ह्यो भिवाजी बसलाय न्हवं? ह्याच्या ह्या कानातनं ती आत गेली. अख्खा पावसाळा आत ऱ्हायली. आत हाय काय खायाला? तर ह्याची अक्कल. ती संपली तवा दुसऱ्या कानातनं भाईर आली, आन् आली ती रोडावून!”

लोक हसले. भिवाजीही हसला. “व्हय सायेब, तवापासनं मी असाच हाय.”

पोंक्षे हसला नाही. पुन्हा त्याची नजर खांबाकडं गेली. ह्या खेपेला कोंडाजीही तिकडं वळला. खांबाआड लीलाबाई उभी होती, पाटलाची धाकटी सून. मार्गशीर्षात लग्न होऊन कोळवणाकडनं आलेली. पोंक्षेला भाकरी तीच वाढायची. तिनं डोळे मोठे करून साहेबाकडं बघत मान खालीवर केली: हो म्हणा.

“होऊ शकतं,” पोंक्षे म्हणाला.

कोंडाजीच्या हातातली विडी तशीच राहिली. त्याला सगळा उलगडा झाला. पोरगी नवीन. रीत तिला कुणी सांगितलेलीच नाही. बाहेरून आलेल्या सुनेला सांगतं कोण? तिनं आपली चांगलेपणानं भाकरीबरोबर सल्ला वाढलेला: म्हाताऱ्याच्या शब्दावर वाडी चालते, त्याला कशात खोडू नका, राई मिळंल. आणि हा बामणाचा पोर पाढ्यासारखा सल्ला पाळत बसलाय.

आता सांगायचं कुणाला? लीलाबाईला आत पाठवावी तर रीत फुटली. साहेबाला डोळा घालावा तर परीक्षा कसली?

“मंग?” गेणबा पाटील म्हणाला. आवाजात धार होती. “झालं का तुमचं, कोंडाबा?”

“कशाचं झालं! लावनीचं राह्यलंय न्हवं.” कोंडाजी घाईनं म्हणाला. “तीच गोम म्या भाताच्या खाचरात सोडली. म्होरल्या पायांनी रोप घ्यायची, मागल्या पायांनी दाबायची. न्याहारीच्या आत खाचर लावून मोकळी. वर बांधावर बसून भाकर मागितली.”

“फारच कष्टाळू,” पोंक्षे म्हणाला. कपाळावर घाम आला होता. हातातली कोरी बाटली तो उगाच फिरवत होता.

कुणी हसलं नाही. भिवाजीनं उठून अंगावरची घोंगडी झटकली. “पाटील, बास की आता. गोमेचा मानूस असता तर आतापातूर उसळला असता. ह्येला राई पायजे, बाकी काय बी गिळंल.”

“काय म्हणालात?” पोंक्षेनं विचारलं.

“काय न्हाई सायेब. बसा.” गेणबानं सगुणाबाईकडं बघितलं. तिनं पदर बाजूला केला. लाल चिंध्या शेकोटीच्या उजेडात आल्या आणि पोंक्षेनं त्या ओळखल्या. त्यानं बाटली मांडीवर ठेवली. सगुणाबाईनं पहिली खुंटी ओढून जाळात घातली. चिंधीनं पेट घेतला.

“एकदा पान्याखाली गेलं,” ती कुणाकडं न बघता म्हणाली. “आता न्हाई जाऊ देनार.”

कोंडाजी थकला होता. आयुष्यभर थापा मारल्या त्या खपाव्यात म्हणून नव्हे, पकडल्या जाव्यात म्हणून. आणि आज पहिल्यांदा त्याची एकही थाप पकडली जात नव्हती. आता वाढवून सांगण्याचं त्राण उरलं नव्हतं. उठता उठता, गोष्टीला काहीतरी शेवट हवा म्हणून, तो सहज बोलून गेला,

“तर अशी ती गोम. मेली तवा म्या तिला उन्हात आडवी घातली आन् पाय मोजलं. ह्या अंगाला चाळीस, त्या अंगाला चाळीस. चाळीस जोड्या, सरळ हिशेब.”

“चाळीस?”

पोंक्षे ताठ झाला होता.

“चाळीस,” कोंडाजी म्हणाला.

“चाळीस कशा असतील? एकोणचाळीस असतील. एक्केचाळीस असतील. गोमेच्या पायांच्या जोड्या सम येत नाहीत. कुठल्याही गोमेच्या! बांधातली घ्या, सालीतली घ्या, जोड्या विषमच!”

सगुणाबाईचा दुसरी खुंटी धरलेला हात जाळाच्या वर थांबला. भिवाजी उभा होता तो तसाच उकिडवा बसला.

खांबाआडून लीलाबाई जोरजोरानं मान हलवत होती: नको, नको. पोंक्षेनं तिच्याकडं बघितलं. मग देवराईच्या दिशेनं बघितलं, तिथं आता झाडं आणि अंधार वेगळे दिसत नव्हते.

“बैल बांधला ते राहू दे,” तो हळू आवाजात म्हणाला. “लावणी केली तेही राहू दे. पण पाय पुन्हा मोजा, आजोबा. काहीतरी चुकलं असेल.”

कोंडाजी परत खाली बसला. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू न देता त्यानं नजर साहेबाच्या चष्म्यावर रोखली.

“चुकलं न्हाई. म्या सोता मोजल्यात. दोनदा. आता ह्या समद्या वाडीम्होरं सांगा सायेब, म्या खोटं बोलतो का?”

लाकूड तडकलं. गेणबा पाटील पुढं वाकला. कोंडाजीचा हात कमरेच्या चंचीकडं गेला आणि नाडीच्या गाठीवर थांबला.

पोंक्षेनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मग तो उठून उभा राहिला आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

“हो. साफ खोटं बोलताय!”