ब्रेकचा टेकू

"ब्रेक दाबला की पेडल नको तितकं खाली जातं हो," असं बायकोने पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा चष्मेवाला पेपर वाचत होता. "तुझाच जोर कमी पडत असेल," म्हणून त्याने पान उलटलं.

बायको रुग्णालयात परिचारिका. घरची जुनी गाडी तीच चालवायची. त्याचं चष्म्यांचं दुकान जवळ असल्याने तो पायी जायचा. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने गाडी गॅरेजात दाखवली. तेल, पॅड, सगळं ठीक निघालं. मग काय, त्याला आयतंच निमित्त मिळालं. चारचौघांत तो हसत सांगू लागला, "दोष गाडीत नाही, आमच्या हिच्या पायात आहे." लोक हसायचे.

एका दुपारी ती घरी आली ती पांढरीफटक होऊन. शाळेजवळच्या उतारावर पुढचा सायकलवाला एकदम थांबला होता. गाडी थांबली खरी, पण त्याच्यापासून वीतभर अंतरावर. तिने किल्ली टेबलावर ठेवली. "उद्यापासून मी बसने जाईन," एवढंच म्हणाली.

"बरं झालं, कटकट मिटली," तो पुटपुटला. शेजारी भाजी निवडत बसलेल्या आत्याने ते ऐकलं. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

"दुकानात कुणी आलं, अंधुक दिसतंय म्हणालं, तर तू काय करतोस?" तिने विचारलं.

"एकेक भिंग लावून त्यालाच विचारतो. त्याला काय दिसतं, ते त्याच्याशिवाय कोण सांगणार?"

"आणि पेडलवर पाय कुणाचा असतो?"

"अगं, पण गॅरेजवाल्याने पाहिलं ना," तो म्हणाला.

"त्याला तू काय सांगितलंस? ब्रेक बघ, एवढंच ना? हिला काय जाणवतं, ते त्याला कळलंच नाही. कारण तुलाच ते ठाऊक नव्हतं. परक्या माणसाचा शब्द तू खरा धरतोस, आणि घरच्या माणसाला पुरावा मागतोस."

रविवारी त्याने बॉनेट उघडलं. "जरा आत बसतेस? तू नेहमी दाबतेस तसा ब्रेक दाब," तो म्हणाला.

ती आत बसली. तिने पेडल दाबलं आणि तो बघतच राहिला. ज्या पत्र्यावर ब्रेकचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून चाकांकडे पोचवणारा भाग, बसवलेला होता, तो पत्राच पुढे वाकत होता आणि त्याच्याबरोबर सिलेंडरही सरकत होता. तिचा अर्धा जोर तिथेच वाया जात होता!

"काय दिसलं?" तिने आतून विचारलं.

"तू सांगत होतीस ते."

या वेळी गॅरेजात ती बोलली आणि तो ऐकत उभा राहिला. गॅरेजवाल्याने पत्रा तपासला. चीर नव्हती, पण पत्रा लवत होता. सिलेंडरला पुढून टेकू द्यावा लागेल, असं तो म्हणाला. टेकू म्हणजे गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसणारी लोखंडी पट्टी; तिच्यातल्या बोल्टचं टोक सिलेंडरच्या तोंडाला टेकतं. "नुसतं टेकवा, रेटू नका," त्याने बजावलं.

चष्मेवाल्याने घरीच पट्टी बसवली. ती आत बसून पेडल दाबत होती आणि तो बोल्ट जरा जरा फिरवत होता.

"आता?"

"अजून मऊ आहे."

"आता?"

"थोडंसं अजून. हां, आता बरोबर."

त्याने नट आवळला. गॅरेजवाल्याकडून काम पाहून घेतलं, मग तिने गाडी त्याच उतारावर नेली. पायाखाली पेडल घट्ट लागलं आणि गाडी जिथल्या तिथे थांबली.

घरी परतल्यावर तो म्हणाला, "लोकांसमोर तुला हसलो. चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "पेशंट उचलून उचलून माझी पाठ भरून येते, तेही मी सांगितलं होतं."

त्याला ते आठवतसुद्धा नव्हतं. तो पायरीवर तिच्याशेजारी बसला. "आता सांग," म्हणाला. ती सांगत गेली आणि त्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

मित्रहो, आपल्या घरातही कुणीतरी काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत असेल. त्याला वेड्यात काढणं सोपं असतं. पण ज्याला खुपतं, त्यालाच ते आधी कळतं. म्हणून घरच्या माणसाचं म्हणणं आधी खरं धरावं, आणि तपासायचंच असेल तर त्याला सोबत घेऊन तपासावं.