आत्याच्या पातेल्यावरची झाकणी

मी झाकणी बोलतेय. पातेलं आपल्या जागी आहे, ते काही बोलत नाही. बोलायची खोड माझी. अॅल्युमिनियमची, हलकी, मधोमध काळी मूठ आणि एका बाजूला वाकलेली कड, असा माझा अवतार आहे. आत उकळी फुटली की मी खडखडायला लागते आणि खाली उतरवेपर्यंत गप्प बसत नाही. या आवाजापायी मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. कारखान्यात मी आणि माझं पातेलं एकाच पत्र्यातून निघालो होतो आणि एकमेकांवर इतके चपखल बसायचो की वाफेलाही वाट मिळायची नाही. दुकानात एक तरुण मुलगी आली. तिची नोकरी नवी होती आणि हातात पहिला पगार होता. दुकानदार म्हणाला, "झाकणी नको असेल तर किंमत कमी करतो." ती म्हणाली, "झाकणीसकट द्या. उघड्यावर उकळलं की सगळा वास उडून जातो." मला तर तिथेच ती आवडली.

ती टेलिफोनच्या कचेरीत फोन जोडून द्यायची. दिवसभर कानाला यंत्र आणि शेकडो माणसांचे आवाज. थंडीतल्या संध्याकाळी आपल्या एका खोलीत परतली की पायमोजेही न काढता पाणी ठेवायची. आलं ठेचायची, दालचिनीचा तुकडा मोडायची, लवंग आणि मिरी कुटून टाकायची. मग मी. पाणी लालसर झालं की साखर, शेवटी दूध. पण दूध घालण्याआधी एक गोष्ट ती कधी चुकवायची नाही. मला मुठीला धरून उचलायची, डोळे मिटून वाफेत तोंड घालायची आणि एक लांब श्वास घ्यायची. दिवसभराचा शीण त्या एका श्वासात उतरताना मी पाहिला आहे.

वर्षं गेली. माझ्या पातेल्याचा तळ गेला आणि ते भंगारात गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! पण तिने मला ठेवून घेतलं. निवृत्त झाल्यावर ती भावाच्या घरी राहायला आली, तेव्हा सामान चढवताना मी पिशवीतून निसटले आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. कड वाकली ती तेव्हा. नव्या घरातल्या पातेल्यावर मला ठेवलं, तर मी बसेना, डुगडुगायला लागले. तेव्हापासून माझा हा आवाज.

इथे सगळे तिला आत्या म्हणायचे. तिची भाची लहानपणी हाक मारायची, तेच नाव घरभर झालं. भाची आता नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते. घरात उरले दादा, वहिनी आणि आत्या. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला. दादांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यामुळे कुठे काही वाजलं, करकरलं की त्यांना चैन पडायचं नाही. त्यांच्या लेखी आवाज म्हणजे बिघाड. माझ्याकडे बोट दाखवून ते बहिणीला म्हणायचे, "ठमे, ही लिफ्ट असती ना, तर मी केव्हाच बंद करून पाटी लावली असती."

स्वयंपाकघर वहिनींचं. कुठला डबा कुठे, हे त्यांनी ठरवलेलं आणि ते हललेलं त्यांना खपायचं नाही. आत्याही बिचारी जपून असायची. पण पहिल्याच थंडीत वहिनी म्हणाल्या होत्या, "संध्याकाळचं गरम तुम्ही करत जा आत्या. दुकानातून येते तेव्हा माझ्या अंगात जीव नसतो." त्या पेयाचं नावच मग 'आत्याचं गरम' पडलं. मला पुसून ठेवताना एकदा आत्या पुटपुटली, "या घरात माझं म्हणून एवढं एकच आहे गं." मी ते मनात ठेवलं.

मग गेल्या वर्षी आत्याला ताप आला. चांगला लांबला. बरी होऊन ती पुन्हा ओट्याशी उभी राहिली, सगळं नेहमीसारखं घातलं आणि मला उचलून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग इतकी खाली वाकली की वाफेने गाल लाल झाले. तिला वास येत नव्हता. कसलाच नाही.

तिने कुणाला सांगितलं नाही. मापं हाताला ठाऊक होती, रंग डोळ्यांना कळत होता, आणि किती उकळलं ते मी सांगत होते. मी आधी टुकटुकते, मग खडखडते आणि पाणी आटत आलं की माझा आवाज बारीक होतो. फोनच्या तारांवर मुरलेला कान होता तो. बाहेरच्या खोलीत कप मांडताना ती माझं सगळं ऐकायची आणि बरोबर वेळेला आत यायची. घरात कुणाला संशयही आला नाही. उलट दादा कप रिकामा करून म्हणायचे, "ठमे, आज झकास झालंय." ती हसायची. मला मात्र धाकधूक असायची.

आणि भाचीने नवं पातेलं पाठवलं. जाड बुडाचं, देखणं, काचेची झाकणी. आतलं दिसतं म्हणे. वाफ धरली की काय दिसणार, कपाळ! दादा तिच्यावर खूश, कारण ती वाजत नव्हती. माझी रवानगी खिडकीत झाली, कुंडीखाली. झाडाला घातलेलं पाणी पाझरून माझ्यात साचायचं. इतक्या वर्षांची सेवा आणि शेवटी चिखल, असं मनात आलं आणि मला फार राग आला.

त्याच आठवड्यात ते घडलं. दादा बाहेर गेले होते. आत्याने पाणी ठेवलं, मसाला आणि साखर घातली, काचेची झाकणी लावली आणि सवयीने बाहेर जाऊन बसली. पाणी उकळलं, आटलं आणि मंडळी, साखर काळी पडायला लागली. झाकणी गप्प. मी कुंडीखालून जिवाच्या आकांताने वाजायला बघत होते, पण माझ्यावर मातीचं ओझं होतं.

वहिनींची पावलं जिन्यात आधी हळू आली आणि मग धावत. चपलांसकट त्या आत शिरल्या, गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली. खोकत मागे वळल्या, तर बाहेर आत्या शांतपणे बसलेली. समोर कप मांडलेले, मान जरा आमच्याकडे कललेली.

"आलात वहिनी? होतच आलंय बघा."

"आत्या, तुम्हाला वास नाही आला?"

"कसला?"

वहिनींनी मागे पातेल्याकडे बोट दाखवलं. तेव्हा आत्याला स्वयंपाकघरातला धूर दिसला आणि तिचा चेहराच उतरला. "सर्दी झालीये जरा," ती म्हणाली.

वहिनी तिच्याशेजारी बसल्या. "आमच्या दुकानात काही माणसं अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. धडाधड वाचून दाखवतात. मी तक्ता बदलला की गप्प होतात. नव्या पातेल्याने तुमचा तक्ता बदलला, हो ना?"

आत्याला रडू फुटलं. "दादाला सांगू नका. तो मला ओट्यापाशी फिरकू देणार नाही. मग मी इथे काय करू? पाहुण्यासारखी बसून राहू?"

वहिनींनी तिचा हात धरला. मग म्हणाल्या, "गॅस सुटला आणि तुम्हाला कळलं नाही तर? ते मी चालू देणार नाही. मी घरी आल्याशिवाय पेटवायचा नाही. कुटून, ठेचून तयार ठेवा. नाक माझं, कान तुमचे." एवढं बोलून त्या उठल्या, कुंडी उचलली आणि मला बाहेर काढून घासायला घेतलं. इतक्या जोराने मला कुणीच घासलं नव्हतं.

त्या दिवसापासून पुन्हा जुनं पातेलं आणि मी, आणि दोघी मिळून गरम करतात. आत्या मला उचलते आणि म्हणते, "सांगा." पहिल्यांदा वहिनी म्हणाल्या, "चांगला येतोय."

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे... दालचिनीचा."

"दालचिनी मीच घातलीये वहिनी, ते मला माहितीये!"

दोघी हसल्या. हळूहळू वहिनींना जमायला लागलं. "आज लवंग पुढे पुढे करतेय, आलं कोपऱ्यात बसलंय," असं काहीबाही सांगतात. आत्या डोळे मिटून ऐकते.

परवा वहिनींना दुकानात उशीर झाला. आत्या मसाला कुटून त्यांची वाट बघत होती. दादांना काही काम नव्हतं. त्यांनी मला खाली ठेवलं आणि हातोडी काढली. "आज हिचा आवाज बंदच करतो." मी काही म्हणायच्या आत एक ठोका पडलाही. माझी वाकलेली कड अर्धी सपाट झाली.

"दादा, थांब!" आत्या ओरडली. "मला वास येत नाही. तापापासून. करपलेलंही कळत नाही. ही वाजते म्हणून मला कळतं. आता तू मला गरम करू देणार नाहीस, माहितीये मला. पण हिला मारू नकोस."

दादांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, "म्हणजे ही बिघडलेली नव्हतीच." मग डोळे पुसले आणि पक्कड घेऊन आले. "ठेव पाणी. मी आहे इथे."

नुसतं पाणी उकळत ठेवून त्यांनी माझी कड थोडी वाकवली, मला पातेल्यावर ठेवलं. "असा होता आवाज?"

"नाही. अजून खणखणीत होता."

पुन्हा वाकवली. "आता?"

"आता जरा घोगरा झाला."

जन्मभर आवाज बंद करत आलेला माणूस घामाघूम होऊन माझा आवाज जुळवत होता. वहिनी आल्या तेव्हा दोघंही माझ्याजवळ कान लावून उभे होते. त्यांनी ते पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि मसाल्याची वाटी आत्याच्या हातात दिली.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात काही खडखडत असेल, तर लगेच हातोडी उचलू नका. त्या आवाजावर कुणाचा तरी कान असू शकतो, आधी चौकशी करा.

बरं, पुरे झालं माझं पुराण. खाली पाण्याला उकळी फुटतेय. वहिनी आलं घेऊन उभ्या आहेत, दादा उगाचच ओट्याभोवती घुटमळतायत. आत्या बाहेरच्या खोलीत कप मांडतेय, आता तिला हाक मारायला हवी.