उघाडीपर्यंत न पोचलेला नारळ

मित्रांनो, मी बांधावरची एक जुनी काठी आहे. गागोद्याच्या रानातलं भरीव बांबूचं बेट हे माझं माहेर. रोह्याच्या लोहाराने माझ्या पायात लोखंडी शेंबी बसवली. पेणच्या खाडीकाठी खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध असतो. मी त्या बांधाची.

आमच्या गावचा एक नेम होता. नारळी पुनवेला बांधाचा राखणदार चालत निघे, पावलोपावली मला मातीत टेकवी, आणि दुसऱ्या टोकाला उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, नारळ वाही. ती पूजा होतीच. पण खेकड्यांनी आतून पोखरलेल्या जागी मी भद्द वाजे आणि तिथे लगेच माती पडे. ज्याला उघाडीपर्यंत चालवत नसे, तो काठी पुढच्याच्या हाती देई. आधीचे राखणदार बाबाजी यांनी अशीच मला हैबतरावांकडे दिली. "पाय थकले रं, देव नाय थकला," एवढंच म्हणाले.

हैबतराव तेव्हा तरणेबांड. आमदारकीच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या आमदाराचं नाव घेऊन, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात मला धरून बोलले, "ज्याला बांध चालवत नाय त्यानं मत मागू नये. उद्या मी बी मागणार नाय." मला केवढा अभिमान वाटला. ते निवडून आले, पुन्हा पुन्हा आले. कामंही केली, खोटं कशाला बोलू? रस्ता आला, नळ आला.

मग गुडघे गेले. म्हातारपण हा काही दोष नव्हे. मी आनंदाने आधार दिला. पण गेल्या नारळी पुनवेला त्यांची गाडी बांधाच्या अलीकडेच थांबली. तिथेच नारळ वाढवून ते वळले.

सगुणा आडवी आली. तिचं शेत उघाडीलगत. "भाऊ, उघाडी तिकडं हाय."

"देव सगळीकडं असतो, गो."

"देव असतो. खेकडे तिकडंच असतात."

माणसं हसली. हैबतरावही हसले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "काठी माझ्या लेकीला द्या, शकूला. ती चालंल. तुम्ही ओट्यावर बसा, आम्ही सल्ल्याला येऊ."

"म्हणजे मी म्हातारा झालो व्हय?"

"मी पण झालेच की. दात पडले तवा सुपारी सोडली, भाऊ. जेवण नाय सोडलं."

ते गाडीत बसले. मला मात्र घट्ट धरून ठेवलं.

नेम मोडला की देव रागावत नाही. तो फक्त पाणी अडवत नाही. त्याच पुनवेच्या उधाणाला बांध उघाडीपाशी फुटला. सगुणाचं हिरवंगार भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. आता काही वर्षं त्या मातीत दाणा धरणार नाही. हैबतराव आले, हळहळले आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला निवडून आलो की पक्का बांध देतो."

गुडघाभर पाण्यात उभी राहून सगुणा माझ्याकडे बघत होती.

मित्रांनो, आमदारांना वयाची अट असावी की नसावी, ते कायदा जाणे. आमच्या बांधावर वय कुणी विचारत नसे, चाल विचारत. ती अट हैबतरावांनी स्वतःच्या तोंडाने घेतली होती, मला हातात धरून.

आज मी त्यांच्या घरी दाराआड उभी आहे. शकू म्हणे कच्चा बांबू घेऊन बांधावर फिरते. उद्या हैबतरावांना पुन्हा उमेदवारीचा अर्ज भरायचा आहे. मी त्यांना पडू देणार नाही, तो माझा धर्म. पण सभेत बोलताना ते मला जमिनीवर टेकवतील, तेव्हा जरा कान द्या. पोकळ जागा मला अजून ओळखू येते.