आचके

आप्पांनी इंजिनाचा प्लग काढला, पायजम्याला पुसला आणि शेडच्या दारातून येणाऱ्या उजेडाकडे धरला. एक डोळा मिटून त्यांनी तो बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला.

"याला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

धाकटा रोपांना पाणी घालत होता. त्याने पाइपाचं तोंड खाली केलं, पण नळ बंद करायला तो गेला नाही. पाणी वाफ्याची कड ओलांडून वाटेवर आलं, तरी तो वडिलांच्या हातांकडेच पाहत राहिला.

पंचेचाळिशी उलटली तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. थोरली बहीण लग्न होऊन लांब गेली होती, आई राहिली नव्हती, आणि आता तो नेमका कुणाच्या मानाने धाकटा, हे विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. रोपवाटिका त्याची होती. ती त्याने आणि त्याच्या बायकोने शून्यातून उभी केली होती. पण शेडमधला तो रंग उडालेला, बुटका ट्रॅक्टर आप्पांचा होता. एके काळी आप्पांचं इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद केल्यावर त्यांनी भंगारातून हे धूड उचलून आणलं आणि अख्खा हिवाळा त्यात डोकं घालून ते चालतं केलं. तेव्हापासून ओळींमधलं गवत कापायचं आणि मागे ट्रॉली जोडून माती-कुंड्या वाहायच्या, हे काम आप्पांचं. त्या सीटवर दुसरं कुणी बसत नसे. बसायला बंदी नव्हती, पण कुणाची हिंमतही झाली नव्हती.

आप्पांनी प्लग परत बसवला आणि किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. आवाज एकसारखा, गुळगुळीत. आप्पांनी मान डोलावली, कमरेवर हात ठेवले. आणि मग, काल दिवसभर झालं तसंच, मध्येच आवाज चिरकला. इंजिनाने एक आचका दिला, सावरलं, पुन्हा दोन-तीन आचके दिले, आणि धाप लागल्यासारखं करत बंद पडलं.

आप्पांनी टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. झाकण सैल होताना बारीकसा फुस्स आवाज झाला. धाकट्याला तो नळाच्या आवाजातूनही ऐकू आला. आप्पांनी पेट्रोल आहे एवढं पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

दोष त्या झाकणातच होता. टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल जसं खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत येते. ते बुजलं तर टाकी आतल्या आत कोंडते, पेट्रोल उतरेनासं होतं आणि इंजिन थोडा वेळ चालून गुदमरतं. झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि पुन्हा काही वेळ सगळं ठीक. हे भोक आदल्या दिवशी पहाटे, आप्पा उठायच्या आत, धाकट्याने साबणाने बुजवलं होतं.

याला कारण त्याच्या बायकोचा पाय होता. मागच्या आठवड्यात ती वाकून रोपांना चिठ्ठ्या बांधत होती आणि आप्पा ट्रॉली मागे घेत होते. ती ओरडली. आप्पांनी पाय दाबला, पण ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी जोरात मागे आला. ट्रॉलीने रोपांची लोखंडी मांडणी ढकलली आणि ती सगळ्या ट्रेंसकट तिच्यावर आली. पाऊल ठेचलं एवढ्यावरच निभावलं. ती हातभर ट्रॉलीच्या बाजूला असती तर काय झालं असतं, याचा विचार दोघांनीही मोठ्याने केला नाही.

ब्रेक लागला नाही, असं आप्पा म्हणाले. धाकट्याने संध्याकाळी ब्रेक तपासला. ब्रेक कडक लागत होता. त्याआधी त्यांनी कुंपणाचा खांब पाडला होता आणि एकदा तर इंजिन चालू ठेवूनच घरात येऊन झोपले होते. तेव्हा वय झालं की व्हायचंच, असं म्हणून सोडून देता आलं होतं. हे तसं सोडून देण्यासारखं नव्हतं.

बायकोने आदळआपट केली नाही. पावलाला पट्टी गुंडाळताना ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बोला त्यांच्याशी. नाहीतर मी बोलेन. पण सुनेच्या तोंडून ऐकायला त्यांना जड जाईल."

धाकटा बोलतो म्हणाला. त्या रात्री जेवताना तो वडिलांसमोर मुद्दाम बसला, वाक्यं मनात जुळवून ठेवली, घसा खाकरला. आप्पांनी मीठ मागितलं. त्याने मीठ दिलं आणि पानात डोकं घातलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. ज्या माणसापुढे आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही, त्याला आता तुमच्या हातून होत नाही असं कसं म्हणायचं, कुठून सुरू करायचं, हेच त्याला कळेना. मग साबण सुचला.

त्याचा हिशेब सोपा होता. एक तर आप्पा कंटाळून नाद सोडतील, किंवा क्षणात चोरी पकडतील आणि घर डोक्यावर घेतील. मग विषय आपोआपच निघेल. चोरी पकडली जाणार याची त्याला जवळजवळ खात्रीच होती. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते सांगणारा हा माणूस. त्याच्यासमोर झाकणाचं भोक ते काय टिकणार?

पण कालचा सगळा दिवस गेला. आप्पांनी पेट्रोलची गाळणी बदलली. कार्बोरेटर उतरवून त्याचा भाग न् भाग सुटा केला, पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासला, फुंकर मारून मारून वाळवला. हात अजून सराईत होते. कुठला स्क्रू कुठे जातो हे न बघता कळत होतं. इंजिन सुरू झालं की त्यांचा चेहरा उजळे, आणि आचके सुरू झाले की हळूहळू उतरे. दरवेळी ते झाकण उघडत, आत बघत, झाकण लावत. दरवेळी फुस्स होई.

आणि आज प्लग बसवून झाल्यावर त्यांनी पाना घेतला आणि कार्बोरेटरच्या नटांना लावला.

"आप्पा, तो काल साफ केला ना तुम्ही," धाकटा म्हणाला.

आप्पा थांबले. हातातल्या पान्याकडे पाहिलं.

"परत एकदा बघतो," ते म्हणाले. पण ते म्हणण्याआधी मध्ये जो वेळ गेला, तो धाकट्याला दिसला. त्यांना कालचं आठवलं नव्हतं.

त्याने जाऊन नळ बंद केला. लहानपणी दुकानात आप्पांनी त्याला तेलाचा डबा दाखवला होता. डब्याला खिळ्याने एक भोक पाडलं आणि तो उलटा धरला. दोन थेंब पडले आणि धार थांबली. मग वरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं आणि तेल झरझर वाहू लागलं. आत काही गेल्याशिवाय बाहेर काही येत नाही, आप्पा म्हणाले होते, मग टाकी असो नाहीतर माणसाचं पोट. आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले होते. भोक बुजवायची अक्कल धाकट्याला तिथूनच आली होती.

आता त्याला काहीही करून आप्पांनी ते शोधायला हवं होतं. ओरडले असते तरी चाललं असतं, हात उगारला असता तरी. तो शेडमध्ये येऊन शेजारी उभा राहिला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला की पेट्रोल टाकीतून नीट उतरतंय का ते एकदा बघावं. आप्पांना पटलं. त्यांनी पाइप सोडवला, बाटली खाली धरली, टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि तोटी उघडली. धार छान पडली.

"बघ," आप्पा म्हणाले. "काही अडत नाहीये."

आणि त्यांनी झाकण उचलून परत घट्ट लावलं.

बायको लंगडत चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने काल रात्री तिला साबणाचं सांगितलं होतं. तेव्हा ती नुसती कूस बदलून झोपली होती. आता जाता जाता ती हळूच म्हणाली, "पुरे करा हो. बघवत नाही."

आप्पा एका पालथ्या कुंडीवर बसले. चहावर साय आली तरी त्यांनी कप उचलला नाही. बोटं काळी झाली होती. ती त्यांनी गुडघ्यांवर पसरून ठेवली होती आणि त्यांच्याकडेच बघत होते.

"धाकट्या," ते म्हणाले, "तुला काय वाटतं?"

हा प्रश्न त्यांनी त्याला कधी विचारला नव्हता. कारखान्यातली नोकरी सोडून रोपवाटिका काढताना नाही, लग्न ठरवताना नाही, आईला दवाखान्यातून घरी आणायचं की नाही तेव्हाही नाही. धाकट्याने झाकण काढलं. फळीवरची बारीक तार घेतली आणि भोकात घातली. पिवळट साबणाचा कण तळहातावर पडला.

"काय आहे?"

"कचरा असेल काहीतरी."

आप्पांनी तो कण चिमटीत घेतला, बोटांवर चोळला, आणि पायजम्याला पुसून टाकला. धाकट्याने झाकण लावलं, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. दोघंही उभे राहिले. आचक्यांची वेळ आली आणि गेली. चहा पार निवला, उन्हाचा पट्टा शेडच्या उंबऱ्यावरून आत सरकला, तरी इंजिन एका सुरात चालत राहिलं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच. तेलाच्या डब्यावर दाखवलं होतं."

आप्पांनी आठवून पाहिलं. धाकट्याला ते स्पष्ट दिसलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली.

"नाही रे. मला कुठे माहीत होतं हे?" आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाबास. माझ्यापेक्षा पुढे गेलास."

हात बराच वेळ तिथेच राहिला. मग आप्पांनी सीटवरची धूळ झटकली आणि बाजूला झाले.

"बस. आता तूच चालवत जा. ज्याला याचं दुखणं कळतं त्यानेच चालवावं."

धाकटा बसला. सीट कडक होती आणि खांद्यांना स्टिअरिंग जवळ पडत होतं. आप्पा चिंध्यांना हात पुसत घराकडे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबून ते सुनेला सांगत असल्याचं त्याला ऐकू आलं: दोन दिवस माझ्याच्याने होईना आणि आपल्या धाकट्याने एका फुंकरीत काढलं शोधून. आत भांडी वाजत राहिली. आप्पांनी तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.

त्याला ट्रॅक्टर बाहेर काढायचा होता. गवत गुडघ्याला लागलं होतं. पण पाय क्लचवर होता तो उचलवेना. थोड्या वेळाने त्याने किल्ली उलटी फिरवली.

आवाज थांबताच आप्पा लगबगीने परत आले. अर्ध्या वाटेतच त्यांचा चेहरा पडला होता.

"परत बंद पडलं?"

"नाही आप्पा," धाकटा म्हणाला. "मीच बंद केलं."

आप्पा त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"तूच केलंस ना?" ते म्हणाले. "मग ठीक आहे." आणि हात धुवायला नळाकडे वळले.